गाडीला तुपाची धार

म्हसावदला कुणाकडे वरण-बट्टीचं जेवण ठरलं, की यजमान आधी आचाऱ्याला सांगतो आणि मग रूपचंद आप्पांना. आचारी बट्ट्या तळणार, गाव जेवणार आणि कढईत मागे उरलेलं काळपट तेल आप्पा डब्यात भरून घरी नेणार, ही आता गावाची रीतच झाली आहे. पूर्वी ते तेल गटारीत जायचं, नाहीतर कुठल्या तरी हातगाडीवर पुन्हा तापायचं. आता ते आप्पांच्या पांढऱ्या डिझेल अ‍ॅम्बेसेडरच्या पोटात जातं. गाडी गल्लीतून गेली की मागे तळणाचा असा वास सुटतो, की नुकता जेवून उठलेला माणूसही दारातून आत डोकावून विचारतो, "काय तळी ऱ्हायनात वं?"

पोरं तिला बट्टीनी गाडी म्हणतात. आप्पांना त्याचा राग येत नाही. त्यांना राग फक्त कुणी गाडीला जुनी म्हटलं की येतो. केळी, पपई आणि उसात जन्म गेलेला हा गुजर शेतकरी तसा शांत माणूस, पण तेलाचा विषय निघाला की झालं. बांधावर दोन बैल उभे दिसले तर आप्पा त्यांनाही बायोडिझेल समजावून सांगतील, आणि बैल बिचारे ऐकूनही घेतील.

हे वेड त्यांना लावलं त्यांच्या लेकीने, भूमिकाने. शहाद्याच्या कॉलेजात ती रसायनशास्त्र शिकत होती, तेव्हा तळणीच्या तेलाचं डिझेल करण्याचा प्रयोग तिच्या वाट्याला आला. प्रयोग झाला आणि उरलेली बाटली ती घरी घेऊन आली. आप्पांनी आधी बाटलीकडे पाहिलं, मग अंगणात उभ्या असलेल्या गाडीकडे पाहिलं. त्या वेळी वत्सलाबाई ताक घुसळत होत्या. नवऱ्याचं ते पाहणं त्यांनी ओळखलं आणि तिथेच कपाळाला हात लावला.

सुरुवात फजितीनेच झाली. नवं तेल घालून गाडी निघाली ती शहाद्याच्या भर चौकात बंद पडली. आप्पांना वाटलं, तेलच खोटं. भूमिकाने फिल्टर उघडून दाखवला, तर त्यात कित्येक वर्षांचा काळा गाळ. नवी सून घरात आली की आधी कोपरे झाडते, तसं या तेलाने आधी टाकी खरवडून काढली होती. पुढे जुने रबरी पाइप फुगले, तेही बदलावे लागले. मग एकदा लेक परीक्षेला गेलेली असताना आप्पांनी स्वतःच्या अकलेने मिश्रण केलं. तेल किती आंबट झालंय हे न तपासताच कॉस्टिक सोडा घातला आणि पिंपभर साबण तयार झाला. गल्लीतल्या बायकांनी तो लुगडी धुवायला नेला, आणि आप्पांना पाहिलं की त्या विचारायच्या, "आप्पा, आते परत साबण कव्हय करशात?"

तेव्हापासून नियम ठरला. तेल गाळायचं, तापवायचं, ढवळायचं आप्पांनी. तपासायचं आणि सोडा मोजायचा तो भूमिकाने. तेलात मिसळायच्या आणि पटकन पेट घेणाऱ्या मिथेनॉलच्या कॅनजवळ कुणाला फिरकू द्यायचं नाही, हेही तिचंच काम. खाली गाळासारखं ग्लिसरीन बसलं, वर मधासारखं सोनेरी डिझेल आलं, की बापलेक पिंपाशेजारी उकिडवे बसून त्याच्याकडे असे पाहत, जसं काही पाळण्यातलं बाळच आहे. त्या वेळी दोघांशी बोलायची सोय नसे. वत्सलाबाई आतून ओरडत, "लोके गाडीले पंपवर ली जातस, आन तुम्हीन भंडारामा ली जातस! जेवाले तरी या!"

गाडीवर वत्सलाबाईंची कधी माया दिसली नाही. लुगड्यांना तळणाचा वास येतो म्हणून त्या तिच्यात बसायच्याही नाहीत, बसने जायच्या. सवत म्हणायच्या तिला, आणि हसून म्हणत असल्या तरी त्यात थोडं खरं असावं असं आप्पांना वाटायचं.

मग भूमिकाचं लग्न ठरलं. मुलगा धानोऱ्याचा, घरी शेती आणि बी-बियाण्याचं दुकान, माणसं मोकळी. आप्पांना आनंद झाला, म्हणजे खरंच झाला. पण त्याच आठवड्यात हेमराज, त्यांचा थोरला मुलगा, समोर येऊन बसला. तो शहाद्याला पतसंस्थेत नोकरीला, स्वतःची नवी गाडी बाळगणारा, समजूतदार पोरगा.

"आप्पा," तो म्हणाला, "भूमिका गई का तेल कोन तपासी? परत साबण व्हई. गाडी भंगारमा देवाले जोयजे आते. मी बोली ठेवेल शे."

पोराचं चुकत नव्हतं. पण लेक गेल्यावर पिंपाशेजारी एकट्याने उकिडवं बसायचं, हे आप्पांना नको होतं. गाडीपेक्षा त्यांना त्या बसण्याचं जास्त वाटत होतं, पण हे पोराला कसं सांगायचं?

"दी टाक," ते म्हणाले. "पन भूमिका सासरे जाई ते मन्हीच गाडीमा. मन्हाच तेलवर. मंग तुन्हं तू दख."

लग्न धानोऱ्याला, नवरदेवाच्या दारी होतं. त्याच्या दोन-तीन दिवस आधी म्हसावदला मांडव पडला, नवरीला हळद लागली आणि गावाला वरण-बट्टी झाली. आमच्याकडे बट्टीवर तूप वाढणं हा मानाचा मामला. जेवणाऱ्याने नको म्हणून ताटावर हात आडवा धरला, तर वाढणारा हातावरच धार सोडतो. कमी पडलं तर पिढ्यान् पिढ्या बोलणं खावं लागतं, म्हणून तूप नेहमी उरेल इतकंच आणतात. त्या जेवणाच्या कढईतलं तेल आप्पांनी लेकीच्या प्रवासासाठी वेगळं ठेवलं. पण हळद लागलेल्या नवरीने कामाला हात लावायचा नाही. म्हणून भूमिकाने आप्पांनी आणलेला नमुना तेवढा बसल्या जागी तपासला, सोडा किती तो सांगितला, आणि बाकी सगळं आप्पांनी एकट्याने केलं. दुपारच्या उन्हात डिझेल इतकं लख्ख उतरलं की त्यांनी ते काचेच्या ग्लासात भरून मांडवभर फिरवलं. एका पाहुण्याने तर ते प्यायला हात पुढे केला.

लग्नाच्या दिवशी पहाटे वऱ्हाड निघालं. माघाची थंडी, त्यात सातपुड्याकडून वारा. बाकी वऱ्हाड क्रूझरमध्ये, हेमराज त्याच्या नव्या गाडीत, आणि झेंडूच्या माळा ल्यालेल्या अ‍ॅम्बेसेडरमध्ये आप्पा, शालू नेसलेली भूमिका आणि, काय आश्चर्य, वत्सलाबाई. गाडी दोन आचके देऊन सुरू झाली. शहादा मागे पडलं. आप्पा गुणगुणू लागले. आणि प्रकाशा गावाच्या अलीकडे, दोन्ही बाजूंना ऊस उभा असलेल्या रस्त्यावर, गाडी खोकली, कण्हली आणि थांबली.

आप्पांनी बॉनेट उघडलं. फिल्टर सोडवला. आत डिझेल नव्हतंच. आत पांढरं, रवाळ, घट्ट काहीतरी बसलं होतं. टाकीत काडी घातली, तर तीही तशीच भरून वर आली.

सगळं वऱ्हाड भोवती जमलं. असं काही झालं की आपल्याकडे प्रत्येक जण मेकॅनिक असतो. एका काकांनी तर टाकीखाली उसाचं पाचट पेटवायची तयारीच केली. भूमिकाने गाडीतून अशी काही आरोळी ठोकली, की काकांच्या हातातली काडेपेटी उडून पडली.

हेमराज घड्याळाकडे पाहत आला. "भूमिका, मन्ही गाडीमा बस. मुहूर्त टळी जाई."

आप्पांनी मान वर केली नाही. इतकी वर्षं जपलेली गाडी, आणि तिने याच दिवशी दगा द्यावा! पण मुलीचं लग्न आपल्या हौसेपायी अडकवणारा बाप ते नव्हते.

"जा बेटा," ते म्हणाले. "दादासंगे जा. मी येस मांघून."

भूमिका उतरली. पण दादाच्या गाडीकडे न जाता शालूचा घोळ हातात धरून ती बॉनेटपाशी आली. फिल्टरमधलं पांढरं तिने बोटावर घेतलं, दोन बोटांत चोळलं, नाकाशी नेलं. मग हळूच वळून ती मागच्या सीटकडे पाहू लागली.

"माय," ती म्हणाली, "हाई तूप शे."

वत्सलाबाईंनी पदर तोंडाला लावला.

"मीच टाकं," त्या शेवटी म्हणाल्या. "मांडवना दिन अर्धा डबा तूप उरनं व्हतं. आप्पांनी नमुना लिधा, तेना मांघून मी ते सगळं तेलना पिंपमा वती दिधं."

"अर्धा डबा?" एक आत्याबाई जोरात किंचाळल्या. गाडी बंद पडल्यापेक्षा त्यांना याचं जास्त लागलं होतं.

"मंग काय करू?" वत्सलाबाई म्हणाल्या. "मन्ही आंडेरले, भूमिकाले, ती गाडी सासरे ली जाई ऱ्हायनी. आनि परत येवाले तिले भंगारना रस्ता. सगळा गावना पानवर तूप वाढं, आन तिले जयेल तेल पाजू? माले वाटनं, तिलेबी एक दिन तूपनी धार देवाले जोयजे."

संसाराला इतकी वर्षं झाली, आणि या बाईने आपल्या गाडीला चोरून तूप पाजावं! आप्पांना आधी हसू आलं, मग डोळ्यांत पाणी आलं, मग परत हसू आलं, आणि ते बॉनेटला टेकून असे खदखदून हसले की सगळं वऱ्हाड हसायला लागलं. हेमराजसुद्धा.

"खराब काईच नही व्हयनं," भूमिका म्हणाली. "तूपनं डिझेल थंडीमा गोठी जास, इतलंच. तपाडं का पानीगत व्हई. दादा, पानी उकळाड. मी आप्पाले सोडीसन नही जास."

जवळच तुळशीबाईंची चहाची टपरी होती. नवरी अडकली म्हणताच त्यांनी चहाचं आधण बाजूला सारलं आणि मोठं पातेलं चुलीवर चढवलं. मग काय विचारता! गोणपाट भिजवून टाकीला, पाइपांना, फिल्टरला गुंडाळलं. बायका ओळीने उभ्या राहिल्या आणि हातोहात गरम पाण्याचे तांबे पुढे सरकू लागले. ओतता ओतता कुणीतरी हळदीचं गाणं धरलं. नवरीला न्हाऊ घालतानाचं ते गाणं बायकांनी चक्क अ‍ॅम्बेसेडरवर म्हटलं. वत्सलाबाई सगळ्यांत पुढे होत्या. त्यांच्या नव्या लुगड्याला ग्रीस लागलं आणि त्यांना पत्ताही नव्हता. तोवर उसाच्या शेंड्यांवरून ऊन खाली उतरलं आणि गाडीच्या पाठीवर आलं.

आप्पांनी फिल्टर बसवला, पाइपातली हवा काढली, देवाचं नाव घेतलं आणि चावी फिरवली. एकदा नुसतीच घरघर. दुसऱ्यांदा धूर. तिसऱ्यांदा गाडी अशी धडधडत उठली की तुळशीबाईंच्या टपरीवरची कोंबडी छपरावर जाऊन बसली. आणि मग तो वास! साजूक तुपात खरपूस भाजल्यासारखा तो वास तापीच्या पुलावरून, नंदुरबारमधून थेट धानोऱ्याच्या मांडवापर्यंत गेला. मुहूर्त गाठला, अगदी काठावर गाठला. नवरीच्या स्वागताला उभे असलेले व्याही नाक वर करून आपल्या आचाऱ्यावर ओरडले, "आरे, इतलं तूप कसामा टाकी ऱ्हायना रे?"

लग्न थाटात लागलं. संध्याकाळी निरोपाच्या वेळी भूमिका आईच्या गळ्यात पडली आणि तिच्या कानात बराच वेळ काहीतरी पुटपुटत राहिली. आप्पांना तिने फक्त घट्ट मिठी मारली. गाडीपाशी हेमराजने बापाला हळूच विचारलं, "मंग? सकाय भंगारवालाले बलावू ना?"

आप्पांनी उत्तर द्यायच्या आधीच वत्सलाबाई पुढचं दार उघडून आत बसल्या होत्या. "कोनले बलावस रे?" त्या आतूनच म्हणाल्या. "तुन्हा बाप आते रोज काय मन्हं तोंड दखी? जाय घर."

गाडी निघाली. मागची सीट रिकामी होती आणि आप्पांना आरशात पाहायचं नव्हतं.

"काय सांगे व्हती ती कानमा?" त्यांनी विचारलं.

"म्हने, माय, तूप वतं म्हनजे तुन्हाबी जीव शे गाडीवर. मंग आते चोरी-चोरी नको करू. आप्पासंगे पिंपजवळ जाईसन बस." वत्सलाबाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि मग समोर रस्त्याकडे पाहत विचारलं, "तेल आंबट शे का नही, ते कसं तपासतस? शिकाडशात का माले?"

आप्पांनी गाडी बाजूला घेतली. चष्मा काढून पुसला, परत घातला, परत काढला. मग गाडी पुन्हा रस्त्याला लावून त्यांनी अगदी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली, आणि म्हसावद येईपर्यंत वत्सलाबाई एकेक प्रश्न विचारत राहिल्या.