थंड इंजिनाची साक्ष

आरोपपत्रात शब्द होते ‘अवाजवी विलंब’, आणि वाजवी विलंब किती, हे त्यात कोठेही लिहिलेले नव्हते. इतक्या वर्षांनंतरही तो कागद आठवला की माझे डोके तापते. ज्या माणसाला तुम्ही नोकरीवरून काढायला निघालात, त्याने कोणता नियम मोडला एवढे तरी त्याला सांगाल की नाही?

दोन हजार सालानंतरची ती सुरुवातीची वर्षे. अंबरनाथच्या आनंदनगर वसाहतीतील एका कारखान्यात मी भांडार विभागात कारकून होतो. लष्कराने लिलावात काढलेले दोन जुने डिझेल ट्रक आमच्याकडे होते. पाण्याच्या टाक्या बसवून ते आगीच्या प्रसंगासाठी ठेवलेले असत. त्यांपैकी एकाचा चालक जवळच्याच चामटोली गावचा, सैन्यात अशाच गाड्यांवर उमेदीची वर्षे काढून आलेला. डिसेंबरातल्या एका सकाळी सरावाचा भोंगा वाजला आणि त्याची गाडी सुरू व्हायला बारा सेकंद लागले. व्यवस्थापक घड्याळ धरून उभे होते. दुसऱ्या दिवशी आरोपपत्र आले: देखभालीत हयगय केली, नोकरीतून का काढू नये, याचा खुलासा करावा.

बचाव प्रतिनिधी म्हणून त्याने माझे नाव दिले, कारण माझी पत्रे लिहिण्याची खोड सगळ्यांना ठाऊक होती. पहिल्या आठवड्यात तीन पत्रे गेली. तिन्हींना उत्तर एकच: दुसरा ट्रक तीन सेकंदांत सुरू होतो. मी मनातून खूश झालो. नियमच नमूद नाही, एवढ्या एका मुद्द्यावर ही चौकशी टिकणार नव्हती. तसे मी त्याला सांगितले, तेव्हा तो बॅटरीची टोके पुसत होता.

“म्हणजे मी सुटेन,” तो म्हणाला. “पण गाडीत खोट होती का नव्हती, ते कोण लिहिणार?”

त्याची आपल्याला गरज नाही, असे मी म्हणालो.

“मला आहे ना, साहेब. गावात काय सांगू? कागदात चूक निघाली म्हणून सुटलो?”

मग त्याने मला शिकवायला घेतले. पंधरा दिवस मी पाळी सुरू होण्याआधी येऊन त्याच्या शेजारी केबिनमध्ये बसत असे. काचेवर दव, मलंगगडाच्या रांगेवर नुकते उजाडलेले, पत्र्याचा गारठा थेट पाठीत शिरणारा. तो आधी इंजिनावर तळहात ठेवून बघे आणि मगच सेल्फ मारी. घड्याळ नंतर बघा, आधी कान द्या, असे तो बजावी. सेल्फ रडतरडत फिरला तर बॅटरी उतरली. जोरात फिरला आणि मागे धूरच नाही, तर डिझेल पोहोचत नाही. पण एका लयीत फिरत राहिला, सातव्या-आठव्या सेकंदाला पांढरा धूर आला, एक सिलिंडर बोलला, मग दुसरा, तर इंजिन फक्त गारठलेले आहे. आतली हवा दाबून तापल्याशिवाय डिझेल पेट घेत नाही, आणि एवढे लोखंड तापायला वेळ लागतोच. मी वहीत लिहीत गेलो: बारा, अकरा, तेरा, बारा.

“रोज तेवढाच वेळ लागतो ना, मग ती तिची चाल,” तो म्हणाला. “काल बारा आणि आज वीस लागले, तर मला जाब विचारा.”

‘वाजवी’ या शब्दाची याहून चांगली व्याख्या मला कोणत्याही कायद्याच्या पुस्तकात सापडलेली नाही. माझ्या साऱ्या नोकरीतल्या सर्वांत सुखाच्या सकाळी त्याच.

चौकशी अधिकारी म्हणून कल्याणचे एक वकील आले. प्रत्यक्ष चाचणी सकाळी ठरली होती. दुसरा ट्रक तीन सेकंदांत सुरू झाला. व्यवस्थापक हसून आमच्या चालकाला म्हणाले, “तुमची गाडी आधी विचार करते, मग चालू होते.” मी लेखी हरकत घेऊन उभा राहणार, त्याआधीच तो पुढे झाला आणि त्याने अधिकाऱ्यांना त्या दुसऱ्या ट्रकच्या इंजिनाला हात लावून पाहण्याची विनंती केली. इंजिन गरम होते. रखवालदाराने निरागसपणे सांगितले, की झाडांना पाणी घालायला रोज पहाटे हीच गाडी फिरते. सरावाच्या दिवशीही फिरली होती. व्यवस्थापकांना त्याचा पत्ताच नव्हता.

मला हे आधी का सांगितले नाही, असे मी संतापून विचारले. तो शांतपणे म्हणाला, “तुम्ही पत्र लिहिलं असतं. मग कागदच फिरले असते, इंजिनाला हात कुणी लावला नसता.”

दुसऱ्या दिवशी रात्रभर उभे असलेले दोन्ही ट्रक सुरू केले. त्याच्या गाडीला बारा सेकंद लागले, दुसरीला पंधरा. आरोप रद्द झाला. निर्णयात स्पष्ट वाक्य होते: ‘सदर वाहन सुरू होण्यास बारा सेकंद लागणे नेहमीचे आहे.’ तो कागद मी अभिमानाने त्याच्या हातात ठेवला. त्याने तो दोनदा वाचला आणि मान हलवली.

“हे चूक आहे, साहेब. मे महिन्यात ही पाचात उठते. तेव्हा बारा लागले तर खोट असणार, आणि माझ्या मागून येणारा हाच कागद दाखवून मोकळा होईल.”

जिंकलेला निर्णय स्वतः होऊन पुन्हा उघडायला लावणे हा शुद्ध वेडेपणा आहे, हे मी त्याला चांगल्या चढ्या आवाजात समजावले. त्याने ऐकून घेतले आणि लिहा, एवढेच म्हणाला. स्वतःच्याच पक्षाच्या विरोधात मी आयुष्यात लिहिलेले ते एकमेव पत्र. अधिकाऱ्यांनी ‘हिवाळ्यात, रात्रभर उभे असल्यास’ हे शब्द समासात शाईने घातले आणि शेजारी सही केली.

तो कागद त्याने घरी नेला नाही. केबिनमध्ये, पुढच्या चालकाला बसल्याबसल्या दिसेल अशा उंचीवर, चिकटवून टाकला.