बुजगावण्याचा क्रूस

अंजनगाव सुर्जीतल्या आमच्या छोट्या चर्चची देखभाल बाबांकडे होती. एका गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी त्यांनी क्रूस पुसायला घेतला, तर आडवा दांडा निखळून खाली पडला. आतून सगळा उधईनं खाल्लेला. नवा करायला वेळ नव्हता. बाबा तडक मागच्या मळ्यात गेले आणि माळीकाकांचं बुजगावणं रविवारपर्यंत मागून आणलं.

मडकं आणि सदरा काढल्यावर आत खरोखर क्रूसच होता. पण मी भडकले. कावळ्यांनी घाण केलेलं लाकूड वेदीजवळ?

बाबा घासता घासता म्हणाले, "रोमन लोकाईनं त्याले कोणता पालिश करून देल्ला होता?"

खरी पंचाईत माळीकाकांची होती. कपाशीनं लागोपाठ दगा दिल्यावर त्यांनी सगळी भिस्त उन्हाळी सूर्यफुलावर ठेवली होती. दाणे भरत आले होते आणि पोपट टपलेले. शुक्रवारी पाळकसाहेबांनी मौन पाळायला सांगितलं, आणि नेमकी मळ्यातून काकूंची थाळी वाजली. "हुर्र! मेल्याहो, हुर्र!" अख्खी मंडळी खाली मान घालून हसत होती. मीही.

सोमवारी बाबा लाकूड परत घेऊन गेले. काकांनी ते रोवलं, सदरा हातात घेतला आणि थबकले.

"भाऊ, एवढ्या बायामाणसाईनं याच्यापुढं डोळे मिटले. आता याले मडकं कसं घालू?"

"आमी लाकडाले पूजत नाई. हा रिकामा कावून असते? प्रभू उठला म्हून."

"उठला असंन. मी नाई घालत."

"मंग दुसरं बांधा."

"कोणतंबी आडवं-उभं बांधलं तरी मले आता तेच दिसते!"

एवढ्यात पोपटांचा थवा आला आणि आडव्या दांड्यावर ओळीनं बसला. काकूंनी कपाळावर हात मारून घेतला.

बाबा सूर्यफुलात शिरले आणि दोन्ही हात पसरून उभे राहिले. पोपट उडाले. पीक निघेपर्यंत रोज सकाळी ते तसेच उभे राहायचे. येणारे-जाणारे सायकल थांबवून हसायचे. पहिल्या दिवशी मला लाजेनं मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी त्यांचे थरथरणारे खांदे पाहिले आणि रडू आलं.

तिसऱ्या दिवशी मी पलीकडच्या बांधावर जाऊन हात पसरले.