स्वयंपाकघराच्या पत्र्यावर

वरून खाली घासत यायचं सोडून मी खालून वर घासत गेलो. चूक एवढीच. फरशी पुसता पुसता कोपऱ्यात अडकलेल्या माणसाला आपण हसतो, पण त्याच्या पायाखाली निदान फरशी असते. माझ्या पायाखाली सिमेंटचे जुने पत्रे, त्यांच्यावर पावसाळाभर धरलेलं शेवाळ, आणि त्यावर मीच ओतलेल्या कपड्यांच्या पावडरीचा फेस. शिडी त्या फेसाच्या पलीकडे, खालच्या टोकाला. पाठीमागे पुढच्या खोल्यांची भिंत, तिचा कठडा हाताच्या वर दोन वीत.

केडगावच्या आमच्या घराला पुढच्या दोन खोल्यांवर स्लॅब आहे, मागच्या स्वयंपाकघरावर पत्रे. शेजारच्या कडुनिंबाचा पाला त्यांवर पडतो, कुजतो, पन्हळीत तुंबतो आणि पाणी भिंतीत उतरतं. घटस्थापना चार दिवसांवर आली होती. गोधड्या दोरीवर, डबे अंगणात, आणि बायको सकाळीच म्हणाली होती, "पत्र्यासाठी कुणीतरी माणूस बघा." माणूस म्हणजे मला सोडून कुणीतरी, हे माझ्या लक्षात आलं होतं. आलं म्हणून तर चढलो.

त्यात सुप्याच्या ज्या कारखान्यात मी स्टोअर सांभाळतो, तिथे उंचीवरच्या कामाच्या सूचनांचा बोर्ड मीच उभं राहून रंगवून घेतलाय. पहिली सूचना, 'एकट्याने चढू नये'. अक्षर फार देखणं आलंय.

सासरे, म्हणजे बायकोचे दादा, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी जामखेडहून आले होते. काळा चष्मा लावून अंगणात खुर्चीवर बसायचे. त्यांची सगळी हयात लोकांच्या घरांवर पत्रे टाकण्यात गेली. मी शिडी लावली तशी तिच्या आवाजावरूनच त्यांनी ओळखलं.

"पाव्हणं, पत्र्यावर पाय द्यायचा न्हाई. नटावर द्यायचा. नटाखाली पाइप आसतो."

"माहितीय मामा."

"आन् वर जायचंच कशाला? पत्रं ओलं करा, लांब दांड्याचा ब्रश शिडीवरनंच मारा. लई जुनं हाय ते."

"हो हो," मी म्हणालो. हे 'हो हो' मी कारखान्यात साहेबांनाही म्हणतो.

नटांची रेष धरून मी चढलो, हेही खरं. पण घासण्याच्या भरात पाला आणि फेस नटांवर पसरला, आणि वरच्या टोकाशी पोचून मागे वळलो तेव्हा एकही नट दिसेना. एक पाऊल अंदाजाने टाकलं. कट् असा आवाज झाला. मोठा नाही, अडकित्त्यात सुपारी फुटावी तेवढाच.

खालून बायकोचा आवाज आला. "अहो, वर काय करताय? ओट्यावर उजेड पडलाय."

"किती?"

"बोटभर चीर आहे." मग थोड्या वेळाने, हळू आवाजात, "हलू नका. आता दोन बोटं झाली."

माझं वजन सत्त्याऐंशी किलो. खाली दहा फुटांवर ओट्याचा काळा कडप्पा, त्याची कड, आणि कडेला ती. एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकायला गेलो, तर पत्रा कुरकुरला.

"कुनीबी वरडू नका," सासरे म्हणाले. ते खुर्चीतून उठून चाचपडत शिडीपाशी आले होते. "पाव्हणं, बसू नका. बसलं की समदं वजन एका जागी येतं. पालथं झोपा. पाय शिडीकडं करा."

"मामा, मला काही दिसत नाहीये."

"मला तरी कुठं दिसतंय? झोपा तुमी."

झोपलो. तोंडात फेस गेला. कडू होता.

"पोरी," ते आत तोंड करून म्हणाले, "झाडूचा लांब दांडा घे आन् पाइप वाजव. एकेक पाइप, खाली खाली येत. बाजूला उभं ऱ्हायचं. त्येंच्या खाली जायाचं न्हाई. काय बी झालं तरी न्हाई."

टण् टण् आवाज आला, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो माझ्या छातीला लागला. म्हणजे छाती पाइपावर होती. मग आवाज पायांकडे सरकला. मी चवडा तिकडे नेला.

"इथं?"

"अजून खाली," आतून बायको म्हणाली. "अजून. हां, तिथंच."

एका पाइपावर छाती, दुसऱ्यावर मांड्या, असा मी पालीसारखा सरकत होतो. पाली मला कधी एवढ्या हुशार वाटल्या नव्हत्या. असे चार पाइप उतरायचे होते. पहिल्या दोनांपर्यंत मी सारखा बोलत होतो, हा हलतोय का, तो गंजलाय का, गॅस बंद आहे का. तिसऱ्याला पोटाखाली पुन्हा कट् झालं आणि माझी वाचा गेली. श्वाससुद्धा आत घेतलेला तसाच राहिला. दांड्याचा आवाजही थांबला. किती वेळ, सांगता येणार नाही. फक्त एवढं आठवतं की नाकासमोर कडुनिंबाचं एक पान होतं आणि ते पडलं तर त्याचं वजन पत्र्याला सोसेल का, असा प्रश्न मला पडला होता.

"वाजव की गं," सासरे म्हणाले.

पुन्हा टण् टण् सुरू झालं. चौथा पाइप सापडला. मग शिडीची वरची पायरी चवड्याला लागली. शिडीला खालून सासऱ्यांनी कमरेचा टेकू दिला होता, काळा चष्मा नाकाच्या शेंड्यावर. मी जमिनीवर आलो तेव्हा त्यांनी माझा दंड चाचपला आणि म्हणाले, "ऱ्हायलेलं काम शिडीवरनं करा." जावई म्हणून एवढ्यावरच सोडलं असावं.

संध्याकाळ झाली. सासरे पुढच्या खोलीत डोळ्यांत थेंब घालून पडले होते. बायको माझ्या कोपराला हळद लावत होती आणि मी तिची बोलणी खाण्याची वाट बघत होतो.

"मधे तुम्ही गप्प झालात ना," ती म्हणाली, "तेव्हा मी दांडा टाकून तुमच्या खाली हात पसरून उभी होते. दादांना सांगू नका."