दोन उंदीर आणि एक गुरुवार

आमच्या घरात सुट्टीचे वार दोन होते. माझी शाळा रविवारी बंद, आणि बाबांचा कारखाना गुरुवारी. पिंपरीकडचे कारखाने गुरुवारी बंद असत, आणि आमच्या कोथरूडच्या भागात दुरुस्तीसाठी लाईट घालवायचे तेही गुरुवारीच. दर गुरुवारी नाही, अधूनमधून. आदल्या दिवशी पेपरात आतल्या पानावर बारीक अक्षरांत सूचना यायची की उद्या अमुक भागात दिवसभर वीज बंद. लाईट नाही म्हणजे सोसायटीचा पंप नाही, पंप नाही म्हणजे गच्चीवरची टाकी दुपारपर्यंत रिकामी, म्हणून पाणी आधी भरून ठेवायचं. हे काम बाबांचं. ती सूचना घरात फक्त तेच वाचायचे. सकाळी उठून बादल्या, पिंप, घंगाळ, स्वयंपाकघरातली मोठी पातेली, सगळं काठोकाठ भरून त्यावर ताटल्या झाकायचे. आई पाहुण्यांना सांगायची, "आमच्याकडे सुट्टी आणि टीव्ही एका दिवशी आले तर सत्यनारायण घालीन म्हणते." बाबा हसायचे. तेव्हा हसायचे.

मी सहावीत होते त्या वर्षी त्यांच्या कारखान्याने स्वेच्छानिवृत्ती जाहीर केली. स्वेच्छा कोणाची, हे कोणी विचारलं नाही. बाबा तपासणी खात्यात होते. नवी यंत्रं बाहेरून आली आणि ती आपली तपासणी आपणच करायची, असं बाबांनी एकदा जेवताना सांगितलं आणि भाताकडे बघत बसले. पुढच्या महिन्यात कारखान्याची बस कोपऱ्यावर येऊन त्यांना न घेता जायला लागली. तिचा हॉर्न आमच्या तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू यायचा. त्या वेळी बाबा मुद्दाम न्हाणीघरात असत आणि नळ मोठा सोडत.

आई कोपऱ्यावरच्या एका क्लासच्या ऑफिसात बसायला लागली. सकाळी लवकर जायची, दुपारी जेवायला यायची, पुन्हा जायची. तिने तक्रार केली नाही. खरं तर करायला हवी होती, असं मला आता वाटतं. आमच्या घरात सगळे फार समजूतदार होते, आणि त्या समजूतदारपणानेच आमचं वाटोळं केलं.

मग एक दिवस बाबा बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या गल्लीतून व्हिडिओ गेम घेऊन आले. "हिच्यासाठी," ते आईला म्हणाले. आईने खोक्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि "हिची तर सहामाही आहे" एवढंच म्हणाली. राखाडी डबा, दोन रिमोट आणि एक पिवळी कॅसेट. कॅसेटवर शेकडो गेम असल्याचं छापलेलं होतं, प्रत्यक्षात आठ-दहाच गेम नावं बदलून पुन्हा पुन्हा यायचे. कॅसेट लागली नाही तर काढायची, फुंकर मारायची, परत खुपसायची. हे मी बाबांना शिकवलं. मी त्यांना शिकवलेली ती पहिलीच गोष्ट, आणि मला त्याचा फार अभिमान वाटला.

त्यातला एक गेम आमचा झाला. एका कार्टूनवरून काढलेला होता तो, पण ते कार्टून आमच्या टीव्हीवर कधी लागलं नाही, त्यामुळे त्या दोघांची गोष्ट आम्हाला ठाऊक नव्हती. दोन उंदीर, एक लाल टोपीचा, एक निळ्या. उड्या मारत, फळ्यांवरून, बरण्यांवरून, नळांवरून पुढे जायचं आणि शेवटी मांजराच्या किल्ल्यात शिरून तिथे कोंडलेल्या तिसऱ्या उंदराला सोडवायचं. दोघांनी मिळूनच खेळायचा गेम होता तो. एक मागे राहिला तर चित्र पुढे सरकायचंच नाही, दुसऱ्याने थांबायचं. उंच ठिकाणी एकाने दुसऱ्याला डोक्यावर घ्यायचं आणि वर फेकायचं. आणि एकाच्या सगळ्या लाईफ संपल्या तर तो दुसऱ्याची एक मागून घेऊ शकायचा.

बाबा निळे. त्यांच्या लाईफ नेहमी आधी संपायच्या. उडी मारताना ते रिमोटही हातांनी वर उचलायचे, वायर ताणली जायची आणि डबा टीपॉयवरून घसरायचा. "बाबा, माझी एक घ्या," मी म्हणायचे. "घेऊ?" ते दर वेळी विचारायचे. दर वेळी. मग त्यांचा उंदीर आकाशातून टपकन पडायचा, आणि बाबा खाकरून सरळ बसायचे. अवघड जागी मी त्यांना डोक्यावर घेऊन चालायचे. तेव्हा त्यांना काहीच करावं लागायचं नाही. रिमोट मांडीवर ठेवून ते नुसते बघत बसायचे, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जो निवांतपणा यायचा तो मला फार आवडायचा. त्याची भीती वाटायला हवी होती हे कळायचं माझं वय नव्हतं.

दिवाळी झाली. मी शाळेतून आले की दप्तर टाकायचं, पाय धुवायचे, पोहे नाहीतर खारी-चहा, आणि खेळायला बसायचं. बाबा आधीच सतरंजी अंथरून बसलेले असत. गेमचा अडॅप्टर तापायचा म्हणून तो त्यांनी स्टीलच्या ताटलीवर ठेवला होता. दिवसभर ते एकट्याने खेळत नसत, हे मला आईकडून कळलं. ती दुपारी यायची तेव्हा टीव्ही बंद आणि बाबा सतरंजीवर, असं तिने एकदा शेजारच्या काकूंना सांगितलं. माझी त्यांच्याकडे पाठ होती, पण कान होते.

त्या गेममध्ये एक अडचण होती. तो साठवून ठेवता येत नसे. डबा बंद केला की सगळं गेलं, पुन्हा पहिल्या फळीपासून. आम्ही रोज पहिल्यापासून निघायचो आणि आई परत येऊन "आता पुरे" म्हणेपर्यंत जिथवर पोचू तिथवर.

डिसेंबरात बाबांचे एक जुने सहकारी घरी आले. त्यांनी कारखाना सोडताच भोसरीत छोटं वर्कशॉप टाकलं होतं. त्यांना देखरेखीला माणूस हवा होता, आणि तो बाबाच हवे होते. आईने त्यांच्यासाठी शिरा केला. बाबा "बघतो" म्हणाले. पाहुणे गेल्यावर आईने कपबशा उचलता उचलता विचारलं, "बघतो म्हणजे काय बघणार आहात? तो माणूस आपणहून दारात आलाय."

"या शुक्रवारी जातो," बाबा म्हणाले.

शुक्रवार आला आणि गेला. पुढचाही गेला. त्या सहकाऱ्यांचे शेजारच्या काकूंकडे दोन फोन येऊन गेले. दुसऱ्या फोननंतर आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि टीव्हीसमोर उभी राहिली. मध्येच. आमचे दोन्ही उंदीर तिच्या साडीमागे गेले.

"अहो, ते येत्या शुक्रवारपर्यंत थांबणार आहेत. मग दुसरा बघणार."

"हा गेम एकदा संपवू दे," बाबा म्हणाले. "हिला शब्द दिलाय. संपला की लगेच जातो."

मला शब्द वगैरे दिलेला नव्हता. पण आईने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मी अजून विसरलेले नाही. त्यात राग नव्हता, विनंती होती. अकरा वर्षांच्या मुलीला तिची आई विनंती करत होती की बाई, हा गेम संपव. मी तो संपवायचं मनावर घेतलं. बाबा कामाला लागणार, बसने नाहीतर स्कूटरने भोसरीला जाणार, संध्याकाळी दमून येणार, आणि गुरुवारी पुन्हा त्यांची सुट्टी असणार. त्या आठवड्यात मला दुसरं काही नको होतं.

आणि आम्ही पोचलो. बुधवारी संध्याकाळी, पहिल्यांदाच, मांजराच्या किल्ल्यात. माझ्या बऱ्याच लाईफ शिल्लक होत्या, बाबांच्याही होत्या. शेवटचं दार दिसत होतं. तेवढ्यात आई आली, जेवणं व्हायची होती, माझा दुसऱ्या दिवशी गणिताचा पेपर होता. मी रडकुंडीला आले.

"रडू नकोस," बाबा म्हणाले. "डबा बंदच करायचा नाही. थांबवून ठेवू. टीव्ही तेवढा बंद करू. उद्या शाळेतून आलीस की दहा मिनिटांचं काम." त्यांनी थांबवण्याचं बटण दाबलं, अडॅप्टरखालच्या ताटलीला हात लावून पाहिला, आणि डब्यावर धूळ बसू नये म्हणून रुमाल पसरला. वाढताना आईने बाबांच्या पानात तूप जास्त घातलं. शुक्रवार परवावर आला होता.

सकाळी मी आणि आई एकदमच बाहेर पडलो. पेपर मला चांगला गेला. घरी पळत आले. चपला काढायच्या आधी टीव्ही लावला. गेमचं सुरुवातीचं चित्र होतं. लाल टोपी, निळी टोपी, आणि ते बेसूर संगीत. पहिली फळी.

"लाईट गेले होते," बाबा म्हणाले. ते खिडकीशी उभे होते. "आत्ता तासाभरापूर्वी आले."

मला रडू आलं, पण त्यांच्याकडे बघून मी ते गिळलं. त्यांनाही वाईट वाटलं असणार, असं मला वाटलं. "जाऊ दे बाबा," मी म्हणाले, "त्याला तुम्ही तरी काय करणार." आणि पाय धुवायला आत गेले.

न्हाणीघरात दोन्ही बादल्या काठोकाठ भरलेल्या होत्या. पिंप भरलेलं. घंगाळ भरलेलं. स्वयंपाकघरात ओट्यावर तिन्ही पातेली, वर ताटल्या. फक्त एक ताटली बाहेर अडॅप्टरखालीच होती, त्यामुळे एका पातेल्यावर परात झाकली होती.

मी पाय न धुता तशीच उभी राहिले. गणितात मी बरी होते. पाणी लाईट जायच्या आधी भरायचं असतं. सूचना आदल्या दिवशीच्या पेपरात येते. बुधवारी सकाळी त्यांनी पेपर वाचला होता, आणि संध्याकाळी माझ्यादेखत डब्यावर रुमाल पसरला होता.

ते विसरले असते तर बरं झालं असतं. विसरणाऱ्या माणसाला आठवण करून देता येते. हे पाहिल्यावर मला रागही आला नाही. बाबांना तो गेम संपवायचाच नव्हता, आणि मी कितीही चांगली खेळले तरी तो कधीही संपणार नव्हता.

आई त्या दिवशी दुपारी जेवायलाही आली नव्हती, ती सातला आली. टीव्हीकडे पाहिलं, आत गेली. पातेल्यांवरच्या ताटल्या उचलल्याचा आवाज आला. मग ती दारात आली.

"पाणी भरलंत वाटतं."

"हो," बाबा म्हणाले. "गुरुवार ना."

बस. एवढंच. याहून जास्त आमच्या घरात कोणी कधी बोललं नाही. आईने पदर खोचला आणि कणीक भिजवायला घेतली, त्या भरून ठेवलेल्या पाण्यातून. शुक्रवारी बाबा कुठेही गेले नाहीत. भोसरीत दुसरा माणूस लागला. संध्याकाळी मी सतरंजीवर बसले, लाल टोपी घेतली आणि पहिल्या फळीवरून उडी मारली. "माझी एक घ्या," मी म्हणाले. "घेऊ?" ते म्हणाले.

असं आम्ही मी दहावीत जाईपर्यंत खेळलो. मग डबा बिघडला. बाबा कधीच कामाला गेले नाहीत. घर आईने चालवलं, पुढे मी. आई गेल्या वर्षी गेली. ती त्या गुरुवारबद्दल शेवटपर्यंत एक अक्षर बोलली नाही, आणि मीही नाही, आणि आता बोलायचं म्हटलं तर तीच नाही.

मी हिंजवडीत एका कंपनीत आहे. कामही तपासणीचंच आहे, सॉफ्टवेअरच्या. हल्ली आठवड्यातून दोन दिवस घरून असतं. गेल्या महिन्यात एका सहकाऱ्याने जुने गेम फुकट मिळतात अशी इंटरनेटवरची जागा दाखवली. तिथे ते दोन उंदीर होते. एका बुधवारी दुपारी मी लॅपटॉप टीव्हीला जोडला आणि बाबांना खुर्चीत बसवलं. त्यांची बोटं आता वळत नाहीत, म्हणून दोन्ही उंदीर मीच चालवले. निळ्याला बराचसा डोक्यावरच घेतला. आता मध्येच साठवून ठेवता येतं. किल्ला आला, दार आलं, मांजर हरलं. तिसरा उंदीर बाहेर आला, तिघांनी हात हलवले, काळ्या पडद्यावर काही नावं सरकली आणि पुन्हा पहिली फळी आली.

"संपला?" बाबांनी विचारलं.

"संपला."

"इतकंच होतं होय," ते म्हणाले. "मजा यायची पण आपल्याला."

मी इतकी वर्षं जे गिळलं होतं ते तेव्हा तोंडात आलं. "बाबा," मी म्हणाले, "तेव्हा संपला असता तर तुम्ही गेला असतात."

ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर काही लपवल्यासारखं नव्हतं. मी फार शोधलं, पण नव्हतं.

"कुठे?" त्यांनी विचारलं.

मी टीव्ही बंद केला. ते खुर्चीचा हात धरून उठले आणि सावकाश न्हाणीघराकडे गेले. आमच्या नव्या सोसायटीत जनरेटर आहे, पाणी चोवीस तास असतं, हे त्यांना मी अनेकदा सांगितलंय. नळाचा आवाज आला, आणि बादली भरत आल्यावर तो बारीक झाला.