चिठ्ठी देऊन मोकळ्या

पाणीपुरवठ्याच्या तक्रारकक्षात तिला सगळे तोफ म्हणत. एकोणीस वर्षं कानाला हेडफोन लावून लोकांच्या शिव्या ऐकायच्या आणि वर त्यांनाच दरडावायचं, "आधी शांत व्हा, मग नळ कुठला ते सांगा," हे तिलाच जमे. साहेबसुद्धा तिच्या टेबलापाशी आवाज खाली आणत. अशी बाई समुपदेशकाकडे जाते म्हटल्यावर कोणाला खरं वाटलं नसतं, म्हणून तिने कोणाला सांगितलंच नव्हतं.

जायचं कारण म्हणजे घराचं कुलूप. लावलं की ओढून बघायचं, जिना उतरायचा, परत वर येऊन ओढायचं. आधी दोनदा, मग सात वेळा. गॅसच्या बटणाचंही तेच. कामावर उशीर व्हायला लागला तेव्हा ती दवाखान्याच्या वरच्या मजल्यावरच्या समुपदेशक बाईंकडे जाऊ लागली. बाई बोलायला गोड. म्हणाल्या, "कामाचा ताण आहे. दीर्घ श्वास घ्या, मनातलं वहीत लिहा." तोफेने इमानदारीत चौदा महिने श्वास घेतले आणि तीन वह्या भरल्या. सातचे अकरा झाले. बाई वही चाळून म्हणायच्या, "छान लिहिता हो तुम्ही!"

त्यातच धाकट्या बहिणीला मुलगी झाली. बहीण दोन गल्ल्या सोडून राहायची. तोफेला स्वतःचं मूल नव्हतं, त्यामुळे मावशीचा जीव त्या गाठोड्यात अडकला. एका दुपारी बाळाला घेऊन ती गॅलरीत उभी होती आणि अचानक मनात आलं, हिला खाली टाकलं तर?

बाळ बहिणीच्या मांडीवर ठेवून, डोकं दुखतंय म्हणत ती तडक घरी आली. पण विचार पाठ सोडेना. बाळ दिसलं की तो हजर. तिने बाळाला उचलणं बंद केलं.

हे समुपदेशक बाईंना सांगायला तिला तीन आठवडे लागले. सांगितलं तेव्हा बाईंचं पेन थांबलं. त्यांनी खुर्ची जराशी मागे घेतली. अगदी जराशीच, पण तोफेने ते पाहिलं.

"हे माझ्या आवाक्याबाहेरचं आहे," बाई म्हणाल्या. एका चिठ्ठीवर कुठल्याशा डॉक्टरांचा नंबर लिहिला. "पुढच्या आठवड्यापासून इथे येऊ नका, यांच्याकडे जा. आणि तोपर्यंत बाळापासून लांब राहा."

जिना उतरताना तोफेने हिशेब लावून टाकला. शिकली-सवरलेली बाई आपल्याला घाबरली, म्हणजे आपण तशाच आहोत. चिठ्ठीवरचा नंबर तिने लावला, तर तो बंद होता. दुसऱ्यांदा लावायचं धाडस झालं नाही. बहिणीकडे जाणं तिने तोडलं. आज काय सर्दी, उद्या काय ऑफिसची जादा पाळी. असा दीड महिना गेला.

शेवटी बहीणच बाळाला कडेवर घेऊन दारात उभी राहिली. "ताई, माझं काही चुकलं असेल तर कानाखाली मार. पण असं तोंड चुकवू नकोस."

तोफ भिंतीला टेकून खाली बसली आणि सगळं बोलून गेली. बोलताना तिचं लक्ष बहिणीच्या हाताकडे होतं, आता बाळाला घट्ट धरेल म्हणून. बहिणीने बाळाला सतरंजीवर ठेवलं, दोघींच्या मधोमध.

"अगं, आंघोळ घालताना माझ्याही मनात यायचं, ही बुडाली तर? यायचं आणि जायचं. तुझं जात नाही एवढंच. चल, कोणाला तरी दाखवू."

तिनेच चौकशी करून मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाई शोधल्या. त्यांनी कुलपाचं विचारलं, गॅसचं विचारलं, मग बाळाचं. एकदाही खुर्ची हलली नाही. "याला ओसीडी म्हणतात, नको तो विचार मनाला चिकटून बसण्याचा आजार. कुलपाचं आणि बाळाचं दुखणं एकच," त्या म्हणाल्या. "ज्याची सर्वांत जास्त धास्ती, तेच मनात घुसतं. तुम्हाला तसं करायचं नाही, म्हणून तर तुम्ही एवढ्या घाबरलात. यावर इलाज आहे."

तोफेला रडू येईल असं बहिणीला वाटलं होतं. पण तोफेचा चेहरा लालबुंद झाला. "अर्धा तास लागला तुम्हाला," ती म्हणाली. "अर्धा तास!"

दुसऱ्या दिवशी रजा टाकून ती समुपदेशक बाईंच्या खोलीत शिरली.

"मला जमणार नाही हे मी प्रामाणिकपणे सांगितलं," बाई म्हणाल्या. "तेच करायचं असतं आम्ही."

"सांगितलंत याचा राग नाही हो! कधी सांगितलंत आणि कसं, त्याचा आहे. माझ्याकडे दिव्याच्या तक्रारीचा फोन आला तर मीही म्हणते, हे माझं खातं नाही. पण फोन त्या खात्याला जोडून देते आणि पलीकडचा माणूस हॅलो म्हणेपर्यंत लाइन धरून बसते. तुम्ही एक फोन करून बघितला नाहीत की तो नंबर चालू तरी आहे का!"

"मी घाबरले," बाई म्हणाल्या. "श्वासाने काही होत नाहीये हे मला चौथ्या महिन्यातच कळलं होतं. कोणाला तरी विचारायला हवं होतं. लाज वाटली."

"तुमच्या लाजेपायी माझं वर्ष गेलं! आणि बाळापासून लांब राहा म्हणालात. त्या दीड महिन्यात ती हसायला शिकली. मी नव्हते तिथे."

"माझं चुकलं."

"लिहून द्या."

"काय?"

"ते बाळाचं जे बोललात, ते चूक होतं म्हणून. सहीनिशी."

बाईंनी लिहून दिलं. तोफेने कागद दोनदा वाचला, पर्समध्ये टाकला आणि माफ केलं वगैरे काही न म्हणता निघाली.

इलाज सोपा नव्हता. कुलूप एकदाच ओढायचं आणि चालू पडायचं. मनाने कितीही ओढलं तरी मागे वळायचं नाही. मग बाळाला मांडीवर घ्यायचं, मग खिडकीपाशी, मग गॅलरीत. विचार यायचाच. तो येऊ द्यायचा आणि बाळ हातातच ठेवायचं. पाचव्या महिन्यात ती गॅलरीत पंधरा मिनिटं उभी राहिली, घामाने निथळत.

मधे डॉक्टरीणबाईंकडून कळलं की समुपदेशक बाईंचा फोन आला होता. अडलेल्या केसबद्दल आता त्या दर आठवड्याला डॉक्टरीणबाईंचा सल्ला घेतात.

"मग, राग गेला का तुझा?" बहिणीने विचारलं.

"छे," तोफ म्हणाली. "त्या चौदा महिन्यांत काय झालं होतं बाईंना असा फोन करायला?" आणि मांडीवरचं बाळ ओलं झालंय हे लक्षात येऊन ती दुपटं शोधायला उठली.