बाबांचे मिठातले आवळे

दोस्तांनो, आत्ताच बदलापूरला घरी फोन केला आणि सायबर कॅफेत येऊन बसलोय. इथे मस्कतला आज कामात लक्षच नव्हतं. सकाळी बाबांच्या पोटात दुर्बीण घालून तपासणी होती. थोरले काका पोटाच्या कॅन्सरने गेले, तेव्हापासून बाबांचं पोट दुखलं की आमचं अख्खं घर धास्तावतं.

आई म्हणाली, "कॅन्सर नाही रे. सूज आहे, औषधाने जाईल."

आणि हसायलाच लागली. कारण होतं बाबांचे आवळे. मागच्या वेळी डॉक्टर म्हणाले होते, खारी सुकी मच्छी आणि तंबाखू सोडा, आवळा, पेरू, पालेभाजी खा. त्यात अँटिऑक्सिडंट असतात, कॅन्सरपासून बचावाला कदाचित मदत होते, पण खात्री कोणी देत नाही.

आम्ही पडलो मूळचे मिठागरवाले. बाबांनी बरणीभर आवळे मिठात मुरवले आणि रोज औषधासारखे खाल्ले. आज डॉक्टरांना ऐटीत सांगितलं, तर ते म्हणाले, "अहो, मीठच तर कमी करायचं होतं."

मग बाबा फोनवर आले. मी विचारलं, "आता काय खाताय?"

"वांगणीचा पेरू. नुसता. मीठ नाय, मसाला नाय."

"कसा लागतो?"

म्हणाले, "गोड असतो रे. एवढी वर्षं मिठाखाली कळलाच नाय."

मीपण इथे रोज लोणच्यावर जेवतो. आज येताना संत्री घेतली. तुमच्यात पेरू बिनमिठाचा कोण खातं, खरं सांगा.