भाऊसाहेबांना पडलेली एक जादा फेरी

सुमनताईंची आणि माझी पहिली गाठ पडली ती भांडणातच. ताईंच्या साठीच्या गौरवाच्या पुस्तकात असं सुरू करतात का, मला ठाऊक नाय. मी चौथी शिकलेली बाई. समितीच्या गुरुजींनी लिहा म्हटलं, म्हणून लिहिते आहे.

माझी नात वैशाली मुंबईच्या विमानतळावर शिकायला लागली. उतरायला येणारी विमानं एकामागं एक लावून द्यायची, दोघांत नीट अंतर राखायचं, हे तिचं काम. ते शिकवणाऱ्या सुमनताई. त्यांचं माहेर मुरबाडकडं, सिद्धगडाच्या पायथ्याला, लग्न करून दिल्या शहापुरात. एका शनिवारी पोर रडतच घरी खर्डीला आली. सरावाच्या पडद्यावर तिनं दोन विमानं फार जवळ आणली होती, खोटीच, पण ताईंनी तिला सगळ्यांसमोर खुर्चीवरून उठवलं. परत जाणार नाय म्हणाली. दुसऱ्या दिवशी ताई स्वतः आमच्या दारात. मी पाणी दिलं, पण बोलायचं सोडलं नाय. म्हटलं, खोट्या विमानांपायी माझ्या खऱ्या नातीला रडवलंत.

त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "आजी, जरा हायवेला चला."

आता हायवे मला काय दाखवायचा? करवंदं-जांभळांच्या टोपल्या घेऊन मी तिथं उमर घालवली. पण गेले, वैशालीही मागनं आली. एक भला मोठा कंटेनर गेला. ताईंनी विचारलं, "आता टोपली उचलाल?"

"लगेच कशी? वारा जाऊ दे की."

आमच्यातली कुणीच बाई उचलत नाय. गाडी पुढं जाते, तिचा वारा मागं राहतो; पदर ओढतो, डोक्यावरची टोपली पाडतो. नवी सून असली तर तिला आधी हे शिकवतो, मग भाव सांगायला.

"विमानाच्या मागंही असाच वारा राहतो, गरगर फिरणारा," ताई म्हणाल्या. "दिसत नाय. मोठ्याच्या मागनं लहान लगेच आलं, तर उलटंसुद्धा होईल. वैशाली तेवढं थांबायला विसरली."

मी वैशालीकडं वळले आणि म्हटलं, बॅग भर.

ती आज खऱ्या विमानांना अंतर देते. संध्याकाळी मी अंगणात बसते, वर दिवे ओळीनं जाताना दिसतात, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते की ती माझ्या नातीची ओळ आहे. सून म्हणते, आई, आज तिची सुट्टी आहे. असू दे सुट्टी.

ताईंची माया सांगायची तर माझ्या मोतीबिंदूच्या वेळी त्यांनी मला शहापुरात आपल्या घरी ठेवून घेतलं, स्वतः थेंब घातले. मी डोळा चोळला की वैशालीला ओरडायच्या तशाच मला ओरडायच्या. नाचणीची भाकरी मात्र त्यांना धड येत नाय. ती मी डोळ्याला पट्टी बांधून थापली.

आता जे लिहायचं ते लिहिते.

आपल्या भागातले मोठे पुढारी, सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणतात, एकदा लहान खाजगी विमानानं मुंबईला येत होते. शहापुरात सभागृहाचं उद्घाटन होतं. निघायच्या आधीच त्यांच्या माणसानं ताईंच्या भावाला मुरबाडला फोन केला, बहिणीला सांगा, आमचं विमान पुढं घ्या. गिरणीत ओळखीचा डबा पुढं सरकवतात ना, तसं वाटलं त्यांना. भाऊ म्हणाला, ती कामावर फोन बाहेर ठेवते. त्यांना ते खोटं वाटलं.

पुढं एक अवाढव्य विमान उतरत होतं. मागनं हे लहान घाईघाईनं जवळ आलं. ताईंनी त्याला वळवलं, आणखी एक फेरी मारायला लावली. वारा जाऊ दिला. एवढंच.

मुहूर्त टळला. भाऊसाहेबांनी वरपर्यंत तक्रार केली आणि चौकशी संपेपर्यंत ताईंना खुर्चीवरून उठवलं. त्याचं मला एवढं नाय, साहेबलोकांचं ते तसंच चालतं. मला संताप येतो तो आपल्या लोकांचा. आपल्याच माणसाला अडवलं म्हणाले. ताई माहेरी गौरीला आल्या तर हळदीकुंकवाचं बोलावणं शेजारच्या घरातनंही आलं नाय. ज्या बायका टोपली उचलायला वाऱ्यासाठी थांबतात, त्यांनीच तोंड फिरवलं. मी खर्डीहून गेले, ताईंची ओटी भरली आणि परत येताना एकेका दारात थांबून विचारलं, तुमाला लाज कशी नाय वाटत? एकीनं चहा विचारला. मी घेतला नाय.

चौकशीत ताईंचं बरोबर ठरलं. त्या खुर्चीवर परत बसल्या. माफी मागायला एकही आला नाय. मी त्यांना विचारलं, भाऊसाहेब आहेत हे माहीत असतं तर? म्हणाल्या, "पडद्यावर नाव दिसत नाय, आजी. लहान विमान आहे एवढं दिसतं. आणि त्यात माणसं आहेत."

माणसं होती. भाऊसाहेबांची सून होती आणि तिच्या मांडीवर त्यांचा तान्हा नातू. तो आता अंगणात सायकल चालवतो, मी पाहिलाय. पूल बांधला तर दगडावर नाव घालतात. ताईंनी जे होऊ दिलं नाय, त्याचा दगड कुठं लावायचा?

आज भाऊसाहेब या गौरव समितीचे अध्यक्ष आहेत. शाल तेच घालणार. गुरुजी म्हणाले, आजी, शुभकार्य आहे, तेवढा भाग सोडा. मी म्हटलं, तेवढाच छापा, बाकीचं सोडा. भाऊसाहेब, शाल जरूर घाला. पण आधी माईक घ्या, नातवाला शेजारी उभं करा आणि त्या फेरीबद्दल ताईंचे आभार माना. ते जमणार नसेल तर शाल खाली ठेवा. आमी बायका घालू.

ताई, तुमाला खूप आयुष्य मिळो, गुडघे धड राहोत, डोळे माझ्यापेक्षा बरे राहोत. आणि पुढं कधीतरी तो रेड्यावरचा आला, तर त्यालाही सोडू नका. पुढारी असेल तर त्याच्या घरचा. सांगा, उतरायला जागा नाय, अजून एक फेरी मारून ये.